बाशिंगावर धरलेला नेम

"बंद कर! भाच्या, बंद कर ते! अरं माझ्याच बैलावर धरतंय रं, मुडद्या!"

मामा वेशीच्या बाहेरून ओरडत होता. दोन्ही हातांत कासरा, डोक्यावरचा नवा फेटा सुटून खांद्यावर आलेला, आणि शेजारी मानाचा बैल, हत्तीनं बघितला तर हत्ती रस्ता बदलेल असा. इकडं वेशीच्या सावलीत आमचा रणगाडा उभा होता. दीड हात लांब, वीतभर उंच, वर डोक्याच्या जागी उपडं घातलेलं पातेलं. ते पातेलं कुर्र कुर्र करत डावीकडं फिरलं, जरा पुढं गेलं, चुकलं म्हणून जरा मागं आलं, आणि बैलाच्या दोन शिंगांच्या बरोबर मधे रोखून थांबलं. माझ्या हातातल्या रिमोटवर बटणं चार: पुढं, मागं, डावी, उजवी. बंद करायचं बटण आम्ही बसवलंच नव्हतं. तोफ बंद करायला कोण बनवतो?

आतला रिलेचा खटका वाजला. टक्.

त्या 'टक्'नंतर गावात एकवीस डोकी फुटली असं लोक सांगतात. मी स्वतः चाळीस मोजली. माझंही फुटलेलं असल्यामुळं काही दोनदा मोजली गेली असतील, एवढी सूट मी देतो.

मी मूळचा तिसगावकडचा. आमच्याकडं पाऊस म्हणजे घाईतला पाहुणा, उंबऱ्याबाहेरूनच 'बरंय ना?' म्हणून जाणारा. म्हणून मामानं मला देवळाली प्रवऱ्याच्या बाजूला आपल्या गावात आणलं. कॅनॉलचं पाणी, ऊस, कारखान्याचा भोंगा, सगळी चंगळ. वेशीला लागून मामाची हातभर जागा होती. तिथं माझी पत्र्याची टपरी, रेडिओ-टेप-टीव्ही दुरुस्तीची. केबल नुकती आली होती. मी दुरुस्त केलेला टीव्ही पुन्हा बिघडत नसे. तो पुन्हा लागतच नसे, असं म्हणणारे लोकही होते, पण ते जळत होते.

माझा जोडीदार म्हणजे मिस्त्री. कारखान्यात इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक, राहायला बौद्ध वस्तीत. हातात सोल्डरिंग आयर्न घेतलं की ब्रह्मदेवानं खुर्ची सोडून उठावं असा कारागीर. बोलायला मात्र दिवसाला सात शब्द, आणि रविवारी तेही बंद. ह्या मिस्त्रीचा आजोबा एके काळी पोळ्याच्या मिरवणुकीपुढं हलगी वाजवत चालायचा, कारण वाजवावीच लागायची. धर्म बदलला त्या वर्षी म्हाताऱ्यानं हलगी खाली ठेवली, ती पुन्हा उचलली नाही. तेव्हापासून त्या वस्तीतलं कुणी पोळ्याला वेशीपाशी उभंसुद्धा राहिलेलं नव्हतं. मिस्त्री आला तो गाडीमुळं आला, हे आधीच सांगून ठेवतो.

गाडीचं खूळ माझं. नगरला लष्कराचे रणगाडे बघून वाढलेली पोरं आम्ही. इतर पोरं कागदाची होडी करायची तेव्हा आम्ही काडेपेटीची तोफ करायचो. एक दिवस टपरीत दुबईहून आलेली रिमोटची गाडी दुरुस्तीला आली आणि दुरुस्तीतच वारली. तिचा रिमोट जिवंत होता. जिवंत वस्तू मातीत घालणं आमच्या धर्मात नाही, आणि मिस्त्रीच्याही नाही. खाली पत्र्याची पेटी, जीपच्या वायपरच्या दोन मोटारी, मोटारसायकलची बॅटरी, चाकं भंगारातल्या फवारणी पंपाच्या गाड्याची. वर सायकलच्या हबवर फिरणारं पातेलं. पातेल्यातून बाहेर पाइप. कणसावरची पाखरं हाकायला शेतात कार्बाइडचा बार लावतात ना, तसाच बार, फक्त लहान. आणि पाइपच्या तोंडात बरोबर मावणारं श्रीगोंद्याचं लिंबू.

इथवर मी. पुढची अक्कल मिस्त्रीची. तो म्हणाला, "नेम गाडी धरंल."

"म्हंजी?"

"तू न्हाई धरायचा."

कारखान्यातल्या कुठल्याशा जुन्या पेटीतून त्यानं उजेड ओळखणारे दोन डोळे काढले, हरभऱ्याएवढे. ते पातेल्याच्या कपाळावर शेजारी शेजारी बसवले, मधे पुठ्ठ्याचा पडदा, वर आभाळ दिसू नये म्हणून पत्र्याची झापड. डाव्या डोळ्याला उजेड जास्त दिसला की पातेलं डावीकडं फिरे, उजव्याला दिसला की उजवीकडं. दोन्ही डोळ्यांना सारखा झगझगीत उजेड भरला की समजायचं, चमकणारी वस्तू नाकासमोर आली. मग रिले टक् करी, ठिणगी पडे आणि लिंबू सुटे. माणसानं नेम धरायचाच नाही. जे चमकेल त्याची खैर नाही.

पहिली चाचणी टपरीसमोर झाली. समोर केशकर्तनालय. न्हावी एका गिऱ्हाइकाची मान वाकवून बसला होता. पातेलं फिरलं, रस्त्यावरून चाललेल्या बाईच्या स्टीलच्या हंड्यावर क्षणभर रेंगाळलं, तिथून सरकलं आणि न्हाव्याच्या भिंतभर आरशावर जाऊन बसलं. पुढं लिंबू, मागून काचांचा पाऊस. गिऱ्हाईक अर्ध्या मिशीनिशी कोपरगावच्या दिशेनं पळालं ते परत आलं नाही. ऐकतो की तिकडंच लग्न केलं. न्हावी वस्तरा घेऊन माझ्यामागं लागला. त्यानं मला कॅनॉलपर्यंत पळवलं, कॅनॉलमध्ये ढकललं, वर काढलं आणि मुस्काटात दिल्यावर पुन्हा ढकललं. दोन दाढा तिथंच वाहून गेल्या. आजही त्या पाण्यावरच्या उसाला गोडी जास्त आहे.

मामा बांधावर उभा राहून हे सगळं बघत होता. मला वाचवायला तो आला नाही. मी ओला वर आलो तेव्हा त्यानं एवढंच विचारलं, "चमकतं त्येच्यावरच जातं व्हय रं ते?"

"व्हय."

"दुसऱ्या कशावर न्हाई?"

"न्हाई."

मामा हसला. मामा हसला की आमच्या घरात सगळे गप्प व्हायचे.

आता मामाचं दुखणं सांगितलं पाहिजे. पोळ्याला गावातले सगळे बैल ओढ्यावर धुऊन, सजवून वेशीबाहेर जमतात. वेशीला आंब्याच्या पानांचं तोरण. त्या तोरणाखालून पहिला बैल जाईल तो मानाचा. तो मारुतीपर्यंत पुढं, बाकीचे मागं. हा मान मामाच्या घरात चार पिढ्या. मामाकडं दुसरं काहीच उरलं नव्हतं. जमीन भावांत वाटली गेली, कारखान्याच्या बोर्डावर कुणी विचारत नव्हतं, सोसायटीत पडला होता. वर्षातून एकदा, घटकाभर, सगळं गाव मामाच्या बैलाच्या शेपटीमागून चालायचं. बाकीचं वर्ष तो त्या घटकेवर काढायचा.

वरच्या आळीला ते बघवत नव्हतं. आदल्या वर्षी त्यांनी आपला बैल मधेच घुसवला. काठ्या निघाल्या, मामाच्या थोरल्या भावाचं खांद्याचं हाड मोडलं, वरच्या आळीतल्या एकाचा कान निम्मा राहिला. शेवटी पंच बसले. गावात सगळ्यांत म्हातारे असलेल्या पंचांनी निकाल दिला: "पुढच्या पोळ्याला जो पहिला जाईल, त्याचा मान कायमचा. पुन्ना तंटा न्हाई. पन बैल मोकाट सुटून गेला तर चालायचं न्हाई. ज्याच्या हातात कासरा, त्याचा मान. मोकाट बैलाला मान नसतो, कोंडवाडा असतो."

दोन्ही बाजूंनी मारुतीवर हात ठेवून ते कबूल केलं.

वरच्या आळीनं त्या साली बैलाला आरशांची झूल शिवून घेतली होती, शिंगांना बेगड, गळ्यात पितळी घुंगरमाळ. उन्हात उभा केला तर राहुरीहून दिसेल. मामाचा बेत सरळ होता. आपला बैल काळाकुट्ट. त्याला ह्या वर्षी चमकणारं काही घालायचंच नाही. शिंगांना नुसता लाल हिंगूळ, अंगावर काळी घोंगडी, घुंगरंसुद्धा काढायची. वेशीच्या सावलीत गाडी ठेवायची. बैल येतील ते मावळतीकडं तोंड करून, म्हणजे ऊन त्यांच्या तोंडावर. वरच्या आळीचा बैल पुढं घुसला की गाडी आपसूक त्याच्यावर धरणार. एक बार, एक लिंबू, बैल बुजेल, मामा शांतपणे आत जाईल. "आन आपुन कुनाला हातसुदीक लावला न्हाई," मामा म्हणाला. "नेम गाडीनं धरला. गाडीवर करा म्हनावं फिर्याद."

मिस्त्रीला मी विचारलं, येशील का. त्यानं हातातली पक्कड पुसून खिशात घातली. मग म्हणाला, "मिरवणुकीत न्हाई. गाडीपाशी बसंन." चार शब्द, त्या दिवशीच्या मानानं भाषणच.

मामी, म्हणजे मामाची बायको, हा बेत ठरताना भाकऱ्या थापत होती. तिनं पुढची भाकरी तव्यावर जरा जोरात आपटली. इथंच आम्ही ओळखायला पाहिजे होतं.

पोळ्याच्या दिवशी मी आणि मिस्त्री दुपारपासून वेशीत गाडी मांडून बसलो. बाहेर बैल जमले. ढोल, गुलाल, हलगीऐवजी आता बँड. वरच्या आळीचा तो आरसेवाला बैल आला तेव्हा पातेलं जागेवर थरथरलं, मांजर उंदराला बघून थरथरतं तसं; बैल अजून पाराच्या झाडाच्या सावलीत होता, म्हणून सुटलं नाही. वरच्या आळीचा थोरला, त्या बैलाचा धनी, ज्याच्या मिशीवर दोन चिमण्या समोरासमोर बसल्या असत्या, त्यानं आम्हाला बघितलं.

"काय रं भाच्या, ह्ये काय खेळनं मांडलंस? मामा बैल इकून आता खुळखुळं इकतो का?"

"बघा की जरा पुढं येऊन," मी म्हणालो.

आणि गर्दी फुटली, मामा बैल घेऊन आला. काळी घोंगडी होती. शिंगांना हिंगूळ होता. आणि दोन शिंगांच्या मधे, कपाळभर, झगमग झगमग करणारं बाशिंग होतं. सोनेरी बेगड, टिकल्या, आणि मधोमध बशीएवढा भिंगाचा आरसा. घरून निघताना मामीनं ओवाळलं आणि बांधलं. मानाचा बैल बोडका न्यायचा? पोळ्याला बैल म्हणजे नवरदेव, आणि नवरदेव बाशिंगाशिवाय वेशीत? चार पिढ्यांत झालं नव्हतं. मामानं तिला अडवलं नाही. त्याच्या आईनं अडवलं नसतं, त्याच्या आजीनं अडवलं नसतं, तो कोण? लिंबाच्या भीतीनं बैलाचं बाशिंग काढणारा माणूस आमच्या पट्ट्यात अजून जन्मायचाय. त्यानं मनाशी म्हटलं असणार, एवढ्याशा बाशिंगानं काय होतंय.

पाच वाजताचं ऊन त्या आरशावर पडलं आणि सरळ वेशीत आलं. मिस्त्री हळूच म्हणाला, "गेलं."

टक्.

बार असा झाला की वेशीवरची पारवं उडाली ती दोन दिवस उतरली नाहीत. लिंबू बाशिंगाच्या बरोबर मधोमध लागलं. आरशाचे तुकडे उडाले, लिंबाचा रस बैलाच्या डोळ्यांत गेला. तो बैल एवढा उंच उडाला की त्याच्या पोटाखालून मला मागचा पार, पारावरची माणसं आणि त्यांच्या हातातले पत्ते दिसले. खाली आला तो वरच्या आळीच्या बैलावर. शिंग झुलीत अडकलं, झूल उभी फाटली, फाटता फाटता त्या बैलाच्या बरगडीवर हातभर लांब जखम झाली आणि आरशांवरून रक्त ओघळायला लागलं. आरसेवाला बैल मागं फिरला, मागं माणसं होती. एक जण तुडवला गेला, त्याची मांडी मोडल्याचा आवाज मी बँडच्या गजरातही ऐकला. बँडवाल्याचं पितळी तुतारडं उन्हात चमकलं, पातेलं कुर्र करून फिरलं, टक्, आणि त्याचे पुढचे चार दात तुतारीत गेले.

मी मागं नेण्याचं बटण दाबलं. गाडी पुढं गेली. मी पुन्हा दाबलं, ती आणखी जोरात पुढं गेली. वायर उलटी कुणी जोडली, ह्यावर मिस्त्रीचा आणि माझा आजही मतभेद आहे. गाडी सरळ मामाच्या पायांत शिरली. मामा कासरा सोडेना. बैल फरफटत नेत होता, मामा पोटावर, धुळीतून, दगडांवरून, तोंडानं अजून ओरडतोय, "बंद कर!" मनगटाला वेढा घेतला होता कासऱ्याचा. मग एक झटका बसला, मामाचं मनगट तुटलेल्या फांदीसारखं वाकलं, आणि तो तोरणाच्या अलीकडं गडगडत पडला.

बैल तोरणाखालून आत गेला. सगळ्यांत पहिला. आणि त्याच्यामागं चार हातांवर, दगडांवर आपटत, उडत, आमची गाडी. मला वाटलं तिचा नेम बैलावर बसलाय म्हणून ती पाठ सोडत नाही. काय सांगू, त्या क्षणी छाती भरून आली. पळता पळता ती डावी-उजवीकडं चमकेल त्याच्यावर उडवत होती: कुणाच्या दारातली कळशी, कुणाचा चष्मा, सरपंचाच्या स्कूटरचा आरसा. गाडीत लिंबं सहाच भरली होती. गावात तेरा जणांना लागली.

मागं वेशीत काठ्या निघाल्या होत्या. वरच्या आळीच्या थोरल्यानं मामाच्या भावाच्या डोक्यात घातली, भावाच्या पोरानं थोरल्याच्या तोंडावर. मिशी लाल झाली. न्हावी कुठूनसा उगवला. त्याचा कुठल्याच आळीशी संबंध नव्हता, त्यानं फक्त मला शोधून मारलं. माझं डोकं त्यानं वेशीच्या दगडावर आपटलं आणि आरशाची आठवण करून दिली. पडल्या पडल्या मी बघितलं, मामा गुडघ्यांवर उठून, लोंबता हात दुसऱ्या हातानं धरून, रक्तानं भरलेल्या तोंडानं हसत होता. "गेला!" तो म्हणत होता. "माझा पैला गेला!"

गाडी मारुतीच्या पायरीवर आपटून फुटली. मिस्त्री तेवढा धावत तिच्याकडं गेला. त्याच्या खिशात पक्कड होती, एवढं मला दिसलं. मग मला काही दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी मारुतीच्या ओसरीत पंच बसले. अर्धं गाव पांढऱ्या पट्ट्यांत. मामा प्लास्टर गळ्यात अडकवून पुढं बसलेला. मामी मागं बायकांत, पदर तोंडाशी.

"पैला कुनाचा बैल गेला, ह्ये सगळ्यांनी पायलं," मामा म्हणाला.

"बैल मोकाट गेला!" वरच्या आळीचा थोरला. ओठ सुजल्यामुळं त्याचं बोलणं तोंडात लाडू असल्यासारखं येत होतं. "कासरा सुटला हुता. मोकाट बैलाला मान न्हाई. कोंडवाड्यात घाला त्याला, आन त्याच्या मालकाला बी."

"सुटला न्हाई! तोरनाखालून जाईस्तवर माझ्या हातात हुता. ह्ये मनगट बघा!"

"मनगट पडून मोडलं."

"तुज्या बापाचं पडून मोडलं!"

पुन्हा काठ्यांकडं हात गेले. म्हातारे पंच उठून उभे राहिले. साक्ष कुणाची घ्यायची? मामाच्या बाजूचे मामाकडून बोलणार, वरच्या आळीचे तिकडून. ज्याचा बैल नाही, ज्याची आळी नाही, ज्यानं काठी उचलली नाही आणि जो शुद्धीवर होता, असा एकच माणूस वेशीत होता. त्याला वस्तीतून बोलावून आणलं. ओसरीत बसायला जागा केली. मिस्त्री बसला नाही. पायरीवरच उभा राहिला, खाकी पॅन्टच्या खिशात हात घालून.

मामानं त्याच्याकडं बघितलं. मी मामाला तसं कुणाकडं बघताना कधी पाहिलं नव्हतं. आणि मी निश्चिंत होतो, कारण मिस्त्री माझा दोस्त होता, गाडी आमची दोघांची होती, आणि एक 'व्हय' म्हणायला सात शब्दही लागत नाहीत.

म्हातारे पंच म्हणाले, "बाबा, तुजं ह्यात काई न्हाई. म्हनून तू सांगशील त्ये गाव मानंल. मारुतीम्होरं ठरल्यालं हाय, ज्याच्या हातात कासरा, त्याचा मान. बैल तोरनाखालून गेला तवा कासरा मामाच्या हातात हुता, का मोकळा हुता?"

मिस्त्रीनं खिशातून हात बाहेर काढला. हातात कासऱ्याचा हातभर तुकडा होता, पकडीनं तोडलेला, ग्रीसनं काळा झालेला, वेटोळ्यावर वेटोळं बसून पिळवटलेला. तो त्यानं पंचांसमोर पायरीवर ठेवला.

"मोकळा न्हवता," तो म्हणाला. "गाडीच्या चाकात हुता."